रात्रभर पिठावर नजर: आंबणाऱ्या पिठाला वायरलेस सेन्सर कसा लावावा

रोज संध्याकाळी सातला माझ्या स्वयंपाकघरात अठरा लिटर इडली-डोशाचं पीठ वाटून तयार असतं आणि पहाटे साडेपाचला ते तीन मेसमध्ये पोचवायचं असतं. लातूरला नीट-जेईईच्या क्लासला आलेली पोरं सातच्या आत नाश्ता उरकतात. मधले दहा तास पीठ आपलं आपण आंबतं. हिवाळ्यात ते दहा तास पुरत नाहीत. मे महिन्यात सहा तासांतच पीठ येतं आणि पुढं नुसता आंबटपणा चढत जातो. तीन वर्षं मी रात्री बाराला, दोनला, चारला उठून झाकण काढून बघायचे. आता फोन उठवतो, तेही गरज असेल तेव्हाच.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलाय, त्यामुळं सोल्डरिंगची भीती नव्हती. पण सेन्सर जोडणं हा यातला सोपा भाग आहे. चार तारा जोडल्या, फोनवर आकडा आला, की काम झालं असं वाटतं. त्या आकड्याच्या भरवशावर निवांत झोपता येणं हे खरं अवघड काम, आणि माझा वेळ तिथंच गेला. म्हणून तोच भाग मी सविस्तर सांगणार आहे.

पहिल्या उन्हाळ्यात काय झालं ते आधी ऐका. मी तापमानाचा एक सेन्सर केला होता. वायर लोंबकळायला नको म्हणून तो पॉवर बँकेवर ठेवला, आणि बॅटरी टिकावी म्हणून आकडा पाठवणारी वाय-फायची चिप दहा मिनिटं झोपेल, जागी होऊन आकडा पाठवेल आणि परत झोपेल, अशी व्यवस्था केली. रात्री अकराला फोन बघितला, २९.४ अंश. एकला बघितला, २९.४. तीनला जाग आली तेव्हाही २९.४. मला बरं वाटलं, पीठ शांत आहे. पाचला उठले तर डब्याचं झाकण तिरकं झालेलं, पीठ उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळलेलं, घरभर आंबूस वास. वेळ नव्हती म्हणून एका मेसला तेच पीठ दिलं. दुपारी तिथली एक पोरगी भेटली. "काकू, आज इडली लई आंबट लागायली होती," म्हणाली. राहिलेलं सगळं पीठ टाकून दिलं. तांदूळ आणि उडीद गेले ते गेलेच, शिवाय ते धुवायला, भिजवायला लागलेलं पाणीही गेलं. २०१६ साली ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात पाणी असं वाया गेलं की मनाला लागतं.

झालं होतं असं. बहुतेक पॉवर बँका फोनसाठी केलेल्या असतात. त्यातून जाणारा करंट फार कमी झाला की फोन भरला असं समजून त्या स्वतः बंद होतात. झोपलेली चिप जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळं अकराच्या सुमारास पॉवर बँक बंद पडली आणि सेन्सर मेला. मी आकडे होम असिस्टंटवर बघते, म्हणजे घरातल्या सेन्सरचे आकडे साठवून फोनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. हे यंत्र अधूनमधून झोपणारं आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून ते झोपलंय असंच समजून त्यानं शेवटचा आकडा तसाच दाखवत ठेवला. मेलेला सेन्सर आणि एका तापमानाला टिकलेलं पीठ फोनवर अगदी सारखेच दिसतात. त्या दिवसापासून माझ्या मांडणीतली निम्मी मेहनत सेन्सर जिवंत आहे का हे कळण्यासाठीच आहे.

काय मोजायचं, काय सोडायचं

ही कल्पना मला घरी बिअर करणाऱ्या परदेशी हौशी लोकांकडून मिळाली. ते टिल्ट किंवा आयस्पिंडल नावाची बंद नळी रसात तरंगत सोडतात. साखरेचं अल्कोहोल होत गेलं की रस पातळ होतो, त्याची घनता उतरते आणि नळीचा कल बदलतो. तो कल मोजून आंबण्याचं काम कुठवर आलं ते त्यांना कळतं. आपलं पीठ घट्ट असतं. त्यात नळी रुतून बसते, तरंगत नाही. शिवाय पिठात घनता मोजायची गरजच नाही, कारण पीठ आपली प्रगती उघड दाखवतं. ते फुगतं.

फुगवणारा मुख्य जिवाणू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. तो उडदाच्या डाळीबरोबरच येतो, बाहेरून विरजण लागत नाही. तो आम्लही करतो आणि कार्बन डायऑक्साइडही सोडतो. वाटलेल्या उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. ह्या जिवाणूला मध्यम ऊब मानवते. पीठ फार तापलं तर नुसतं आम्ल करणारे त्याचे भाऊबंद पुढं जातात. मग पीठ आंबट होतं पण तेवढं फुगत नाही. मे महिन्यात इडली आंबटही लागते आणि दडसही होते, त्याचं कारण हेच.

म्हणून मी दोनच गोष्टी मोजते. पिठाचं तापमान सांगतं की किती वेळ लागणार. पिठाची उंची सांगते की काम कुठवर आलं. आम्लता मोजायचा पीएच प्रोब मी वापरून सोडून दिला. त्याचं टोक कायम त्याच्या द्रावणात बुडवून ठेवावं लागतं, चार आणि सात पीएचच्या द्रावणात पुन्हापुन्हा जुळवावं लागतं, आणि घट्ट पिठात त्याचं तोंड बुजतं. रोजच्या कामाला तो परवडत नाही.

खोलीचं तापमान मोजून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नऊ लिटर पिठाचा डबा खोलीच्या तीन-चार तास मागं असतो. त्यात वाटताना ग्राइंडरच्या घर्षणानं पीठ तापतं. उन्हाळ्यात ते ग्राइंडरमधून निघतं तेव्हाच ३४ अंशांवर असतं, म्हणून तेव्हा मी बर्फाचं पाणी घालून वाटते. माझं माहेर औसा तालुक्यातलं. आईचं घर माळवदाचं होतं, हातभर जाड भिंती, वर मातीचं छत. तिथं रात्रभर तापमान फारसं हलायचं नाही. आई झाकणावर हात ठेवून वेळ सांगायची आणि ती बरोबर निघायची. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात दगडमातीच्या घरांत राहायला लोक धजेनात, सिमेंटच्या स्लॅबची घरं झाली. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते घरात सोडत राहतो. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आत ओट्यावर ३३ अंश असतात. आईच्या हाताचा अंदाज माझ्या घरात का चालत नाही, हे मला पहिला आलेख बघितल्यावर कळलं.

सामान

वेमॉस डी१ मिनी नावाचा छोटा बोर्ड, ज्यावर ईएसपी८२६६ ही वाय-फायची चिप असते. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या नळीत बंद करून मीटरभर वायरसकट मिळतो तो. व्हीएल५३एल०एक्स हा लेझरनं अंतर मोजणारा बारका सेन्सर. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. मी घेतलं तेव्हा हे सगळं मिळून सहाशे रुपयांच्या आत आलं. फोनचा जुना चार्जर घरात असतोच. आकडे साठवायला रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर किंवा जुना लॅपटॉप लागतो. माझ्याकडं भाच्याचा स्क्रीन फुटलेला लॅपटॉप आहे, त्यावर होम असिस्टंट चालतं.

जोडणी अशी. डीएस१८बी२० ची लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी डी५ ला. पिवळी आणि लाल यांच्या मध्ये रेझिस्टर. तो विसरलात तर आकडाच येणार नाही. अंतराच्या सेन्सरची एससीएल तार डी१ ला, एसडीए डी२ ला, आणि त्यालाही ३.३ व्होल्ट. नवीन व्हीएल५३एल०एक्सच्या डोळ्यावर एक इवलीशी पारदर्शक किंवा पिवळसर फिल्म चिकटवलेली असते. नखानं ती काढा. मी पहिल्या वेळी काढली नव्हती. आकडे वेडेवाकडे येत होते आणि मी दोन दिवस वायरी तपासत बसले होते.

तापमानाचा सेन्सर डब्याला बाहेरून

बाजारातल्या त्या स्टीलच्या नळीचं तोंड साध्या प्लास्टिकनं बंद केलेलं असतं. लोकांच्या खाण्यात जाणाऱ्या पिठात ती बुडवायला माझं मन घेत नाही, आणि रोज धुतली तर महिन्याभरात आत पाणी जाऊन ती बिघडते. बिअरवाल्यांची युक्ती इथं फार उपयोगी पडली. सेन्सर डब्याच्या बाहेरच्या अंगाला लावायचा आणि वरून तो झाकायचा.

पीठ डब्यात जिथवर आहे त्याच्या साधारण मध्यावर नळी आडवी टेकवा. नळीची पूर्ण लांबी स्टीलला चिकटली पाहिजे, नुसतं टोक नको. वरून भांडी घासायच्या स्पंजचा कोरडा तुकडा ठेवा, तळहाताएवढा आणि दोन बोटं जाड. मग पॅकिंग टेपनं डब्याभोवती दोन वेढे घट्ट द्या. स्पंज बाहेरची हवा अडवतो, स्टील आतली ऊब लगेच देतं, त्यामुळं नळी पिठाचंच तापमान दाखवते. खात्री करायला मी एकदा दुसरा सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पिठाच्या मधोमध सोडला. रात्रभरात दोघांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. स्पंज काढल्यावर मात्र तोच फरक तीन अंशांवर गेला. स्पंज ओला झाला तरी आकडा घसरतो, तेव्हा डबा पुसून कोरडा केल्यावरच टेप लावा.

बोर्ड डब्याच्या आत ठेवू नका. स्टीलच्या बंद डब्यातून वाय-फाय बाहेर पडत नाही.

सेन्सर खरं बोलतो का

डीएस१८बी२० ची चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते असं ती बनवणारी कंपनीच सांगते, आणि बाजारात नकली चिपा भरपूर आहेत. मी एकदम चार मागवले होते, त्यातला एक दीड अंश वर दाखवत होता. पिठात दीड अंश म्हणजे तासाभराचा फरक.

तपासायला दोन जागा धरा. पहिली बर्फाची. बर्फ कुटून स्टीलच्या पेल्यात गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, नळी मधोमध धरा, तळाला टेकू देऊ नका, आणि दहा मिनिटं हळूहळू ढवळत राहा. आकडा शून्यावर यायला हवा. उकळत्या पाण्यानं तपासू नका. आपल्या पठारावर पाणी १०० अंशांच्या जरा आधीच उकळतं. दुसरी जागा तापाच्या थर्मामीटरची. घराघरात असलेला डिजिटल थर्मामीटर ३७ अंशांच्या आसपास फार नेमका असतो. थर्मासमध्ये कोमट पाणी घ्या, त्यात थर्मामीटरचं टोक आणि सेन्सर शेजारी-शेजारी धरा. थर्मामीटर ९८.६ फॅरनहाइट दाखवेल तेव्हा सेन्सरनं ३७ दाखवावं. आपलं पीठ २५ ते ३५ मध्ये असतं, म्हणून बर्फापेक्षा ही तपासणी मला जास्त मोलाची वाटते. जो फरक येईल तो सेन्सरच्या वायरवर कागदाच्या पट्टीत लिहून ठेवा आणि प्रोग्राममध्ये तेवढा वजा करा. दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

उंचीसाठी नमुन्याची बरणी

अंतराचा सेन्सर मी आधी मोठ्या डब्याच्या झाकणाला लावून बघितला. वाफ धरायची, झाकण रोज काढताना वायर तुटायची, आणि पोचवायला जाताना तो काढून ठेवावा लागायचा. ते सोडून मी नमुन्याची बरणी धरली. पीठ वाटून झालं, मीठ घालून हातानं फेटलं, की त्यातलंच थोडं एका काचेच्या सरळ उभ्या बरणीत घ्यायचं आणि ती बरणी मोठ्या डब्याला चिकटवून दोन्ही एकाच गोधडीत गुंडाळायची. चिकटूनच हवी. सुटी ठेवली तर एवढंसं पीठ खोलीबरोबर गार-गरम होतं आणि डब्याची खबर देत नाही.

बरणी निवडताना दोन मापं बघा. सेन्सरचा लेझर २५ अंशांच्या कोनात पसरतो. तेरा सेंटीमीटर खाली गेल्यावर त्याचा झोत जवळजवळ सहा सेंटीमीटर रुंद झालेला असतो. बरणी अरुंद असेल तर तो काचेलाच धडकतो आणि आकडा खोटा येतो. दहा सेंटीमीटर रुंद तोंडाची बरणी घ्या. दुसरं, फार जवळचं अंतर या सेन्सरला नीट मोजता येत नाही, म्हणून पीठ पूर्ण फुगल्यावरही वर पाच सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. माझी बरणी आतून वीस सेंटीमीटर उंच आहे. सात सेंटीमीटर पीठ घेते, म्हणजे सुरुवातीला सेन्सर तेरा दाखवतो. पीठ दुप्पट झालं तर सहा दाखवेल.

झाकणाला बोटभर भोक पाडून सेन्सर वरून त्यावर बसवा, डोळा खाली. झाकण फिरवून घट्ट लावू नका, नुसतं ठेवा, वायूला वाट हवी. आता वाफेचा प्रश्न. पीठ गरम आणि झाकण गार असलं की दंव आतून धरतं आणि सेन्सरच्या डोळ्यावर थेंब बसतो. यावर उपाय मला योगायोगानं सापडला. वायर आखूड पडली म्हणून मी बोर्ड झाकणावरच चिकटवला, आणि त्या रात्रीपासून दंव धरणं बंद झालं. वाय-फायची चिप चालताना थोडी ऊब सोडते. तेवढ्यानं झाकण पिठापेक्षा गार राहत नाही. मात्र त्याच कारणानं तापमानाची नळी बोर्डापासून लांब हवी, नाहीतर ती बोर्डाची ऊब मोजत बसेल.

बरणीवर सुरुवातीच्या उंचीला एक रबरबँड लावा. सगळं बंद पडलं तरी रबरबँड आणि डोळे चालू राहतात.

प्रोग्राम आणि गाळणी

चिपवर मी ईएसपीहोम वापरते. त्यात प्रोग्राम लिहायचा नसतो, कुठल्या पिनेला काय जोडलंय एवढं सांगायचं असतं. दोन्ही सेन्सर त्याला आधीपासून ठाऊक आहेत. दर मिनिटाला एक आकडा पुरे, आणि लागोपाठच्या पाच आकड्यांतला मधला घ्या. एखादा चुकार आकडा त्यात आपोआप गळतो.

डीएस१८बी२० चे दोन आकडे लक्षात ठेवा. नेमके ८५ अंश म्हणजे चिप नुकतीच चालू झाली आणि मोजायच्या आधीच उत्तर दिलं. उणे १२७, किंवा आकडाच न येणं, म्हणजे वायर सुटली. हे दोन्ही आकडे गाळून टाका. पण वायर सुटल्याची खूण नुसती गाळून गप्प बसू नका, तिचा निरोप फोनवर यायला हवा. उंचीलाही असाच एक नियम लावलाय. पीठ पाच मिनिटांत एक सेंटीमीटर वाढत नाही. आकडा तेवढा उडाला तर ते पीठ नव्हे, डोळ्यावरचा थेंब आहे. तेव्हा फोनवर "काच पुसा" असं येतं.

सुरुवातीची उंची चिपमध्ये साठवू नका. आमच्याकडं लाइट गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंत क्षणभर झटका बसतो आणि चिप नव्यानं चालू होते. एका रात्री बाराला असंच झालं. निम्मं फुगलेलं पीठ चिपनं नवी सुरुवात म्हणून धरलं आणि फुगवटा शून्य टक्के दाखवायला लागली. आता मी पीठ भरल्यावर फोनवर एक बटण दाबते, तेव्हाची उंची होम असिस्टंटमध्ये जाऊन बसते आणि टक्केवारीचा हिशोब तिथंच होतो.

गप्प बसलेल्या सेन्सरला बोलतं करणं

माझ्या मते सगळ्यात जीव ओतून करायचं काम हे आहे.

पहिली गोष्ट, चिपला झोपवू नका. ओट्याजवळ प्लग आहे, चार्जर लावा आणि तिला रात्रभर जागी ठेवा. बॅटरीची चिंताही मिटते आणि यंत्र झोपलंय की मेलंय हा घोळही.

दुसरी, चिपकडून एक असा आकडा मागवा जो कायम बदलतच राहतो. ईएसपीहोममध्ये अपटाइम मिळतो, म्हणजे चिप चालू होऊन किती सेकंद झाले. पिठाचं तापमान तासभर तेच राहू शकतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. पण सेकंद वाढलेच पाहिजेत. दहा मिनिटं हा आकडा पुढं सरकला नाही तर होम असिस्टंट माझ्या फोनवर जोरात अलार्म वाजवतं. पीठ तयार झाल्याचा निरोप आणि सेन्सर मेल्याचा निरोप यांचे आवाज वेगवेगळे ठेवलेत. अर्धवट झोपेत वाचावं लागत नाही.

तिसरी, होम असिस्टंटचा लॅपटॉपच बंद पडला किंवा इंटरनेट गेलं तर अलार्म वाजवणार कोण? त्यासाठी बाहेरचा एक पहारेकरी लागतो. हेल्थचेक्स नावाची इंटरनेटवरची सेवा आहे, घरगुती वापराला फुकट चालते. माझा लॅपटॉप दर पाच मिनिटांनी तिला हाक देतो. पंधरा मिनिटं हाक आली नाही तर ती मला टेलिग्रामवर कळवते. फोनवर त्या एका निरोपाला रात्रीही आवाज चालू ठेवलाय, आणि फोन सिमच्या डेटावर ठेवून झोपते, घरच्या वाय-फायवर नाही. घरचं इंटरनेटच गेलं तर निरोप त्याच वाटेनं येणार कसा?

हे सगळं बसवल्यावर मुद्दाम मोडून बघा. चार्जर ओढा, दहा मिनिटांत अलार्म वाजतो का? राउटर बंद करा. तापमानाची वायर उपसा. लॅपटॉप बंद करा. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी हे चारही करून बघते. एकदा टेलिग्रामचा निरोप आला नाही, कारण फोन बदलल्यावर मी आवाजाची परवानगी द्यायची विसरले होते. दुपारी कळलं म्हणून बरं झालं.

वाय-फाय आणि लाइट

ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय ओळखते. नवीन राउटर ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ एकाच नावानं दाखवतात, तेव्हा कधी कधी चिप जोडलीच जात नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या. बरणी गोधडीत गुंडाळून, फ्रिज आणि भांड्यांची मांडणी आहे तिथंच ठेवून सिग्नल बघा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) असेल तर छान, उणे ७५ च्या खाली गेलं तर रात्री तुटणार. माझ्याकडं उणे ८० येत होतं. राउटर बैठकीतल्या टीव्हीच्या मागून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी वर टांगला, उणे ६२ झालं. पैसा लागला नाही.

इन्व्हर्टर असेल तर ओट्याजवळचा प्लग, राउटर आणि लॅपटॉप तिन्ही त्याच्यावर आहेत ना बघा. माझा राउटर नव्हता. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, त्यावर तीन-चार तास निघतात.

हिवाळ्यात पिठाला ऊब द्यायला मी थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावते, आणि तो चालू-बंद करायला वेगळा साधा थर्मोस्टॅट आहे, वाय-फाय नसलेला. ऊब देण्याचं काम इंटरनेटवर सोपवू नका. जोडणी तुटली आणि बल्ब चालूच राहिला तर पीठ तर जाईलच, पेटीही वितळेल. वाय-फायनं फक्त बघायचं. आणि २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आकडे वाचायचे कसे

माझ्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी आहेत. तांदूळ-उडदाचं प्रमाण चारास एक, थोडी मेथी, मीठ सुरुवातीलाच. पीठ २६ अंशांवर असेल तर तेरा-चौदा तास, २९-३० वर नऊ-दहा, ३३-३४ वर सहा-सात. तुमचा तांदूळ, तुमचा उडीद, तुमचं पाणी वेगळं, म्हणून हे आकडे उचलू नका. पंधरा रात्रींची स्वतःची वही करा. गंजगोलाईतून नवा उडीद आणला की माझ्याही वेळा अर्धा-पाऊण तास हलतात.

आलेख पहिले तीन-चार तास जवळजवळ सपाट असतो. बघून घाबरू नका, आत जिवाणू वाढत असतात. मग चढ सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की भराभर जातो. शेवटी तो सपाट होतो आणि मग खाली येतो. खाली येणं म्हणजे पीठ बसलं, वायू निसटला.

निरोप मी ऐंशी टक्के फुगवट्याला लावलाय, शंभरला नाही. नऊ लिटर पिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला तरी आतला गाभा थंड व्हायला कितीतरी तास लागतात आणि तोवर पीठ आंबतच राहतं. ऐंशीला उठते, पीठ न ढवळता वाटीवाटीनं तीन-तीन लिटरच्या पसरट डब्यांत घेते आणि मग फ्रिजमध्ये ठेवते. मोठ्या डब्यातच ठेवून बघितलं तेव्हा सकाळी ते पुन्हा झाकणाला टेकलेलं असायचं. हिवाळ्यात उलटं करते. रात्री अकराला फुगवटा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर तेव्हाच बल्बची पेटी दोन अंशांनी वाढवते. पहाटे तीनला वाढवून काही साधत नाही, पिठाला तापायलाच दोन तास लागतात.

बरणीतलं पीठ मी विकत नाही. सकाळी त्याचं आमच्या घरचं उत्तप्पम होतं. मग बरणी गरम पाण्यानं धुते, सेन्सरचा डोळा चष्म्याच्या कोरड्या फडक्यानं पुसते आणि स्पंज खिडकीत वाळत घालते.